जानरावच्या धुऱ्यावरची तार

आमच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारी बाई ती मी. दाखले काढते, म्हाताऱ्यांचे अंगठे घेते आणि अंगठा उमटला नाही की त्यांच्या शिव्याही मीच खाते. गाव मला पौर्णिमाताई म्हणतं. जानराव मात्र मला हाक मारायचा ती उजवा अंगठा हवेत दाबून. सरपंचाचं नाव त्याच्याकडे पोटावरून गोल हात फिरवणं असं होतं, आणि तलाठ्याचं नाव म्हणजे मनगटावर, घड्याळाच्या जागी, बोट ठेवून 'नाही' अशी मान हलवणं. ज्याचं जे खरं, तेच त्याचं नाव. सरपंचाला एकदा आपल्या नावाचा पत्ता लागला, तेव्हा तो महिनाभर सदरा बाहेर सोडून फिरला.

जानराव जन्मापासून बहिरा. गाव त्याला 'मुका' म्हणायचं, तेही तोंडावर, कारण त्याला कुठं ऐकू येतं! मला या गोष्टीचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. मुका कसला, आमच्या अख्ख्या आळीत त्याच्याइतकं बोलणारं माणूस नव्हतं. फक्त तो बोलायचा हातांनी, आणि ते समजणारं माणूस जगात एकच होतं. ते म्हणजे ललिता, त्याची धाकटी बहीण. तीही त्याच्यासारखीच.

आम्ही तिघं एका शाळेत होतो. गुरुजींनी दोघांना दाराशी बसवलं होतं, म्हणजे कंटाळा आला की घरी जायला बरं. बहिऱ्या मुलांची शाळा अकोल्यात असते हे त्यांच्या आईबापाला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी कापूस वेचायचा सोडून पोरांना पोचवायला कोण जाणार होतं? तेव्हा या दोघांनी दाराशी बसून आपली आपली भाषा केली. हिरवी बोंडअळी, चिंच, बाप पिऊन आला, उद्या बाजार, मला तुझी आठवण येते, सगळ्याला खुणा होत्या. आईबापाला त्यातलं जेवण, पाणी, झोप आणि मार एवढंच कळायचं. बाकी सगळं त्या दोघांचं. कुठल्या शाळेत ही भाषा शिकवत नाहीत आणि दुसऱ्या कोणत्याही बहिऱ्या माणसाला ती समजणार नाही.

ललिताचं लग्न अमरावतीजवळ नांदगाव पेठला झालं. नवरा कपड्याच्या कारखान्यात होता, तो गेल्यावर तीच तिथे शिलाईच्या मशीनवर बसू लागली. तिथे तिला काही कमी पडलं नाही. मशीनच्या खडखडाटात सगळ्याच बाया बहिऱ्या, उलट ललिताकडूनच त्यांनी दहा-वीस खुणा उचलल्या आणि सुपरवायझरच्या समोर त्याचीच थट्टा करायला लागल्या. जानरावने लग्न केलं नाही. म्हणजे कुणी करून दिलं नाही. आईबाप गेले, तो एकटा चुलीवर भाकर थापायचा आणि वडिलोपार्जित वावर कसायचा, चांगलं कसायचा. भावाबहिणीची भेट राखीला आणि दिवाळीला. मधल्या महिन्यांत तो कुणाशीच बोलायचा नाही. शेजारी त्याला 'जेवला का' अशी खूण करायचे, तो मान डोलवायचा, संपलं. माणूस महिनोन्‌महिने 'जेवलो' एवढ्या एका शब्दावर काढू शकतो हे मी त्याच्याकडे पाहून शिकले, आणि कुणावर अशी पाळी येऊ नये असं मला वाटतं.

फोनचं म्हणाल तर आमचं गाव तेल्हाऱ्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला. मोबाइलवर आवाज जातो, तोही गच्चीवर चढलं तर. चित्र जात नाही. आणि आवाजाचं जानराव काय करणार?

मग सरकारने गावोगावी नेट पोचवायचं मनावर घेतलं. नाली खोदणारी मशीन आली, शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, काळा पाइप टाकत गेली, पंचायतीच्या भिंतीवर पांढरा डबा लागला, नारळ फुटला, फोटो निघाला. आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्या डब्यात फक्त एका पालीचा संसार सुखाने चालला. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, इथे तर पालीची नातवंडं झाली असतील. पण एका सकाळी मी झाडू मारत होते आणि डब्यावर हिरवा दिवा लागला. खरंच लागला. पंचायतीच्या ओट्यावर बसलं की फोनवर चित्र धावायला लागलं.

पोरं क्रिकेट पाहायला ओट्यावर जमली, ते साहजिकच. पण ललिताची मुलगी दामिनी, आईच्या निम्म्या खुणा येणारी आणि कारखान्यात नुकती लागलेली, तिने मामासाठी एक फोन पाठवून दिला आणि मला सांगितलं, "मावशी, संध्याकाळी शिफ्ट सुटली का मी आईले फोन धरून देतो. तुमी मामाले ओट्यावर बसवा फक्त."

मी बसवला. त्याला वाटलं, फोटो पाहायचा आहे. पडद्यावर ललिता आली आणि तिने हात हलवून त्याचं नाव घेतलं. काय नाव होतं ते मी सांगत नाही, ते तिचं होतं. जानराव एकदम उभा राहिला. आधी त्याने फोनच्या मागे पाहिलं. मग बसला, आणि फोन मांडीत ठेवून जे हात सुरू झाले ते दिवेलागणीपर्यंत. पोरंसुद्धा क्रिकेट सोडून त्याचे हात पाहू लागली. मी आत जाऊन उगाच कपाट आवरत बसले, कारण मला रडू येत होतं आणि पंचायतीत रडलेलं चांगलं दिसत नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी. फोन टेकवायला त्याने ओट्याच्या भिंतीत एक खुंटी ठोकली, मला न विचारता. मी हळूहळू थोडं समजू लागले, फार नाही. दोघं काय बोलायची? कारखान्यातल्या बायांच्या नकला, कापसाचा भाव, आणि लहानपणीच्या बैलाचं कुठलं शिंग मोडकं होतं यावर भांडण. भांडण झालं की जानराव सरळ उठून पाठ फिरवून चालायला लागायचा. हातांनी बोलणाऱ्याला पाठ फिरवली की संपलं, मागून हाक मारायची सोय नाही. ललिता पडद्यावर हात आपटत राहायची आणि मग मलाच खुणेने विचारायची, गेला का? मी मान डोलवायची, ती हसायची. दुसऱ्या दिवशी हा भुईमुगाच्या शेंगा घेऊन हजर. शेंगा फोनला दाखवायचा आणि आपणच खायचा. तीच त्याची माफी.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी ललिताने पोटावर हात ठेवून काहीतरी सांगितलं. ती वाळलेली दिसत होती, डोळे पिवळट. जानरावने तिला सांगितलं, काम सोड, घरी ये. हे मला समजलं, कारण 'घर' मला येत होतं. ती नाही म्हणाली. त्याने पुन्हा सांगितलं. तिने दामिनीकडे बोट दाखवलं, हिची नोकरी इथे आहे, मी कशी येऊ? त्याने वैतागून दोन्ही हात झटकले आणि पाठ फिरवून चालता झाला. ललिताने मला विचारलं, गेला का? मी मान डोलवली. त्या दिवशी ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानरावने पऱ्हाटी पेटवली.

आता यात त्याचं चुकलं काय? कापसाचा शेवटचा वेचा झाला की वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उपटायची, चुलीपुरती घरी न्यायची, उरलेली धुऱ्यावर ढीग करून पेटवायची, हे वऱ्हाडात सगळेच करतात. त्याचा ढीग रस्त्याकडच्या बाभळीखाली असायचा, बापाच्या वेळेपासून तिथेच. त्याच बाभळीखाली ठेकेदाराच्या माणसांनी नेटच्या तारेचं उरलेलं वेटोळं न कापता, पाइपासकट उघड्यावर टाकून ठेवलं होतं. पाऊस झाला की येऊन गाडतो म्हणाले होते. कित्येक पाऊस झाले. वेटोळ्यावर गवत चढलं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आणि नेट त्या काळ्या पाइपातून येतं हे जानरावला कोण सांगणार? त्याला वाटायचं ते भिंतीवरच्या डब्यातून येतं, जसं टॉवरमधून येतं, वाऱ्यावरून.

संध्याकाळी तो शेंगा घेऊन आला. डब्यावर लाल दिवा होता.

मी तक्रार केली. पुन्हा केली. जिल्ह्याला फोन केला, तिथून सांगितलं, देखभालीचा ठेका संपला, नवा अजून निघायचा आहे. म्हणजे तार टाकायला सरकारजवळ पैसा होता, ती राखायला नव्हता. लग्नाचा मांडव घालायचा आणि पोरीला सासरी जेवायला द्यायचं नाही, त्यातली गत. शेवटी किशोर नावाचा तार जोडणारा माझ्या शिव्या ऐकून मोटरसायकलवर आला. जानराव त्याच्यामागून धुऱ्याधुऱ्याने चालत गेला. बाभळीखाली राखेत किशोरने काठी घातली आणि वितळलेला काळा गोळा वर काढला.

"हे पाहा ताई. इथं जळली. कोणं पेटवलं जी हे?"

जानराव त्या गोळ्याकडे पाहत होता, मग त्याने पाइप कुठून येतो आणि कुठे जातो ते नजरेने मोजलं, पार पंचायतीच्या भिंतीपर्यंत. आणि त्याला सगळं समजलं. एखादी गोष्ट समजताना माणसाचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

"जोडून दे ना गा," मी किशोरला म्हटलं.

"मी कसा जोडू? काचेची बारीक तार असते आतमंदी. जोडायची मशीन अकोल्यावरून याले पाह्यजे, केबल याले पाह्यजे. नवा ठेका झाला का येतो." आणि तो गेला. तार जळल्याचं मी गच्चीवरून दामिनीला कळवलं.

दुसऱ्या दिवशी मी धुऱ्याने जात होते तर बाभळीखाली जानराव बसलेला. त्याने जळालेला भाग कोयत्याने छाटला होता, दोन्ही टोकं उकरून वर काढली होती, आणि दोर तुटल्यावर मारतात तशी त्यांची घट्ट गाठ मारली होती. वर ओलं फडकं गुंडाळून, माती लागू नये म्हणून. मला पाहून तो पळतच पंचायतीत गेला, डब्यासमोर उभा राहिला. मी मागून पोचले. लाल दिवा तसाच. त्याने माझ्याकडे पाहिलं, गाठ मारल्याची खूण केली, अजून घट्ट मारू का म्हणून. मी नाही म्हटलं. तो रोज जाऊन फडकं ओलं करत राहिला.

तेल्हाऱ्याला मोबाइलवर चित्र येतं, म्हणून एका रविवारी मी त्याला तिथे घेऊन गेले. बसस्टँडवर बसून आम्ही फोन लावत राहिलो. दामिनीची शिफ्ट बदलली होती आणि कारखान्यात फोन गेटवर जमा करावा लागतो, हे मला मागून कळलं. कुणी उचलला नाही. परतीच्या बसमध्ये जानराव खिडकीकडे तोंड करून बसला होता.

मग एका संध्याकाळी मी गच्चीवर असताना दामिनीचा फोन आला.

"मावशी, आईले अमरावतीले भरती केलं. कावीळ झाली, लिवरवर गेली म्हणते डॉक्टर."

"मंग मामाले काहून नाई सांगतलं पोरी?"

"आई सांगू देत नाई. म्हणते, तो माह्यावर रागावला, राग गेला का आपणहून फोनवर येईल. रोज शिफ्टच्या टायमाले फोन उशीजवळ ठेवाले लावते."

मी ओरडलेच. "अवं, तार जळली इथची! सांग ना तिले, तार जळली म्हणून!"

"सांगतलं जी. तारेची खूण नाई आमच्याजवळ, तरी वाळत घालाची तार करून दाखवली, आग करून दाखवली. ती म्हणते, फोनले कुठं तार असते? तू माही उगाच समजूत काढून राहिली."

त्या बिचारीचं तरी काय चुकलं? तिच्या हातातल्या फोनला खरोखरच कुठे तार नव्हती. पंचायतीपर्यंत धुऱ्याधुऱ्याने किती दूरवरून आमचं नेट येतं हे मलाही किशोरने दाखवेपर्यंत नीट ठाऊक नव्हतं.

मी तशीच जानरावच्या घरी गेले. ललिताचं नाव, झोप, दंडात टोचलेली सुई. एवढ्या तीन खुणा केल्या आणि तो चप्पल घालून अंगणात उभा. शेवटची बस गेली होती. त्याला कसंतरी पहाटेपर्यंत थांबवलं.

पहिल्या बसने आम्ही निघालो. अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची गाडी शोधत होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. दामिनी होती. ती फक्त म्हणाली, "मावशी, आई गेली. घरीच आणून राहिलो तिले, नांदगाव पेठले." मी फोन ठेवला. जानराव माझ्या तोंडाकडेच पाहत होता. मी तोंड वळवलं आणि मनात म्हटलं, याला पोचेपर्यंत नको सांगायला, वाटेत याला कसं आवरू?

पण बाई मेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भावाने आणायचं असतं. माहेर म्हणून तिला या जगात जानराव सोडून कोण होतं? मी त्याला घेऊन स्टँडजवळच्या कापडाच्या दुकानात शिरले. म्हटलं, पाहुणे म्हणून जातो, साडी नेतो, असं काहीतरी त्याला वाटेल. दुकानदाराने दोन-तीन पुढे टाकल्या. मी वरची उचलली, पदर उलगडून पाहिला नाही, भाव केला नाही, सांगितले तेवढे पैसे दिले.

जानरावने माझा हात धरला. मी बाजारात भाजीच्या जुडीसाठी कशी भांडते हे त्याने जन्मभर पाहिलेलं. भाव न करता घेतलेलं लुगडं कुणासाठी असतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही समजतं. त्याने ती पिशवी माझ्या हातातून घेतली, छातीशी धरली आणि दुकानाच्या पायरीवर खाली बसला. त्याच्या घशातून आवाज आला. त्याचा आवाज मी शाळेनंतर तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले, आणि मी त्यांच्यावर ओरडले, "काय पाहून राहिले? चाला आपल्या कामाले!"

अमरावतीपर्यंत त्याने पिशवी खाली ठेवली नाही.

नांदगाव पेठला ललिताच्या खोलीसमोर कारखान्यातल्या बाया बसल्या होत्या. भावासाठी थांबवून ठेवलं होतं. तिला आंघोळ घातली, आणलेलं लुगडं नेसवलं, अंगणात ठेवलं. बाया मोठ्याने रडत होत्या, "ललिता वं माय, उठ ना, तुहा भाऊ आला!" तिला जिवंतपणी कधी ऐकू आलं नाही ते मेल्यावर सांगत होत्या, पण माणूस रडताना एवढा विचार करत नाही.

जानराव तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला. त्याने हात उचलले आणि सुरुवात केली. पऱ्हाटी उपटली, ढीग केला. मग थांबला. तिचे डोळे मिटलेले होते. आपण मेलेल्या माणसाशी बोलतो, ते कुठूनतरी ऐकत असेल अशी मनाची समजूत घालतो. त्याला ती समजूतही नव्हती. डोळे मिटलेल्या माणसाला तो काय सांगणार?

त्याने पुढे होऊन डाव्या हाताने तिच्या पापण्या हलकेच वर केल्या. एक म्हातारी दचकून म्हणाली, "अरे अरे, असं नाई करत बापा!" कुणीतरी त्याचा खांदा धरला, तो त्याने झटकला. एका हाताने पापण्या धरून दुसऱ्या हाताने तो सांगू लागला. आग, एवढं जमलं. पण पुढचं एका हाताने होईना, त्याला दोन हात लागत होते. हात सोडला की पापण्या मिटत होत्या, आणि पापण्या धरल्या की बोलता येत नव्हतं. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तो हात तसाच हवेत धरून बसून राहिला.

तेव्हा दामिनी उठली. ती आईच्या उशाशी जाऊन बसली आणि आपल्या दोन्ही हातांच्या बोटांनी तिने आईचे डोळे उघडे धरले. म्हाताऱ्या बाईकडे तिने असं पाहिलं की ती मागे सरकली.

मग जानरावने सगळं सांगितलं. तार कुठे होती, गवत कसं चढलं होतं, आग कशी लागली, गाठ कशी मारली, तेल्हाऱ्याला कसा बसून राहिला. मी रागावलो नव्हतो, असं त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. ती खूण तोवर मला आली नव्हती, त्या दिवशी आली. दामिनीच्या डोळ्यांतलं पाणी आईच्या कपाळावर पडत होतं, पण तिने बोटं हलवली नाहीत.

सगळं सांगून झाल्यावर जानराव थांबला, आणि उत्तरासाठी ललिताच्या हातांकडे पाहत राहिला.